केबल टाय किती घट्ट आवळायचा? लॅबच्या वायरी परत बांधायच्यात

कृष्णाकाठ
मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय पण वाचा. तालुक्याच्या गावी आमचा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, एक रॅक, २४ पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच, मशीन आणि थोडे कॅमेरे. दिवाळीच्या सुट्टीत सगळं वायरिंग नव्याने करून घेतलं, कॅट ६ (नेटवर्कची केबल) टाकली. इलेक्ट्रिशियनने काम दिसायला एकदम कडक केलंय, सगळ्या वायरींचा एकच जाडजूड गठ्ठा आणि वीत-वीतभर अंतरावर पांढरा टाय, तोही हाताने नाही तर पकडीने ओढून आवळलेला. इतका की प्रत्येक टायच्या जागी केबलला कंबर आलीय.

आता तीन मशीन १००० एमबीपीएसच्या ऐवजी १०० वरच कनेक्ट होतात. स्विचचे पोर्ट बदलले, पॅच कॉर्ड बदलल्या, फरक शून्य. इलेक्ट्रिशियन म्हणतो, टायने काय होतंय साहेब, वायर आहे ती, पाण्याचा पाइप नाय दाबला की अडायला.

तर टायमुळे असं खरंच होतं का, सगळे टाय कापून टाकू का, आणि परत बांधायचं तर कशाने बांधू की गठ्ठा लोंबणार पण नाही आणि वायरी दबणार पण नाहीत? बेंचखालच्या वायरी पोरं पायाने ओढतात तो वेगळाच ताप.

रॅकमधला_उंदीर
इलेक्ट्रिशियन अर्धा बरोबर आहे. टाय आवळला म्हणून तांबं तुटत नाही शक्यतो. पण कॅट ६ ही साधी वायर पण नाही ना. आत चार जोड्या आहेत, प्रत्येक जोडीचा पीळ वेगवेगळा मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीत घुसू नये. बाहेरून आवळलं की त्या जोड्या एकमेकींवर दाबल्या जातात, पीळ सरकतो, आणि त्या जागी सिग्नलचा थोडा भाग उलटा फिरतो. एका ठिकाणी झालं तर काही कळत पण नाही. वीत-वीतभरावर पूर्ण लांबीभर झालं तर महागड्या टेस्टरवर केबल सरळ फेल दाखवते.

तरी तुझं १०० वर येणं हे मला टायपेक्षा टोकाचं दुखणं वाटतंय. १०० ला दोनच जोड्या लागतात, १ नि २ आणि ३ नि ६. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही. म्हणजे ४-५ किंवा ७-८ मधली एखादी तार कुठेतरी सुटली असणार. साध्या लॅन टेस्टरवर आठही दिवे लागतात का बघ आधी. नसतील लागत तर आयओ बॉक्स (भिंतीवरचं नेटवर्कचं सॉकेट) उघड आणि तार पंच झालीय का, म्हणजे खाचेत दाबून बसलीय का, बघ, आणि जोड्यांचा पीळ किती सोडलाय तेही बघ, १३ मिमीच्या वर सोडायचा नसतो, आपल्याकडे कारागीर दोन-दोन इंच उलगडून ठेवतात.

दुसरं म्हणजे केबलचा तुकडा घेऊन तार ब्लेडने खरवड. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, बाजारात स्वस्तात सर्रास मिळते. ती दोन-चारदा वाकवली तर आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पीओईला तर ती लावूच नये, गरम होते.

आता बांधायचं कशाने. इनडोअर डेटा केबलला वेल्क्रो, विषय संपला. रॅकमध्ये, ट्रेमध्ये, बेंचखाली, सगळीकडे. पाठीला पाठ लावलेला येतो तो, एका बाजूला काटे आणि दुसऱ्या बाजूला लव, रोल आणून हवा तेवढा कापायचा. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात दोन वेगळ्या पट्ट्या मिळतात तो नको, त्या शिवाव्या लागतात. बांधल्यावर पट्टी हाताने गठ्ठ्याभोवती फिरली पाहिजे, आतली एखादी केबल ओढली तर सरकली पाहिजे. एवढीच टेस्ट.

फेज_न्यूट्रल
वेल्क्रो वगैरे पुण्या-मुंबईचे लाड आहेत हो. आम्ही सगळीकडे टायच लावतो, शाळा, बँका, दवाखाने, आजवर कोणाची तक्रार नाही आली. गावाकडे एवढा खर्च कोण देतो?

रॅकमधला_उंदीर
@फेज_न्यूट्रल तक्रार येत नाही कारण कॅट ६ मध्ये मुळात मार्जिन भरपूर आहे, ती २५० मेगाहर्ट्झपर्यंत टेस्ट होते आणि गिगाबिटला त्याच्या निम्मं पण लागत नाही. दबली तरी चालून जातं. उद्या त्याच केबलवर कोणी १० गिगाबिट टाकायला गेला की मग तक्रार येईल, तेव्हा तुम्ही नसाल तिथे.

टायला माझा विरोध नाही, पकडीला आहे. ४.८ मिमी रुंदीचा साधा नायलॉनचा टाय २२ किलोपर्यंत ताण सहन करतो. आणि कॅट ६ टाकताना ओढायचं लिमिट किती? ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलो. ओढणं वेगळं आणि दाबणं वेगळं हे मान्य, पण कोण कोणापेक्षा दांडगा आहे याचा अंदाज येईल. त्यामुळे टायच लावायचा असेल तर बोटाने ओढायचा, गठ्ठा नुसता एकत्र आला की थांबायचं, आणि शक्यतो रुंद टाय घ्यायचा. २.५ मिमीचे बारीक टाय स्वस्त पडतात पण तेच कव्हरमध्ये सगळ्यात जास्त रुततात. एकसारखा ताण हवा असेल तर टाय गन मिळते, तिच्यावर सेटिंग असतं.

आणि टायचं शेपूट कापताना कटर टायच्या डोक्याला अगदी चिकटवून सपाट काप. तिरकं कापलेलं टोक ब्लेडसारखं लागतं. रॅकमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर त्या खुणा असतात, विचारा कोणालाही.

विंगेतला
मी नेटवर्कवाला नाही, नाटकाच्या दौऱ्यांना साउंड-लाइट बघतो, पण वायरी बांधणं-सोडणं हेच आमचं आयुष्य म्हणून लिहितोय.

तुमच्या वायरी एकदा बांधल्या की झालं, आमच्या रोज रात्री गुंडाळायच्या आणि दुसऱ्या गावात सोडायच्या. तिथे केबल मरते ती टायने नाही, गुंडाळण्याने मरते. नवीन पोरगा आला की पंजा आणि कोपराभोवती गरागरा गुंडाळतो. दिसतं छान, पण प्रत्येक वेढ्याला केबलमध्ये एक पीळ भरतो आणि सोडताना तो निघत नाही, गाठीच पडतात, आतली जाळी आणि तारा पिरगळून पिरगळून एक दिवस खर्रखर्र सुरू होतं, तेही बरोबर दुसऱ्या अंकात. आम्ही एक वेढा सुलटा, दुसरा मनगट आत वळवून उलटा असं घालतो. एकाने भरलेला पीळ दुसरा काढतो, फेकली की केबल सरळ जाऊन पडते. फक्त शेवटी टोक वेढ्यांच्या मधून गेलं तर मात्र ओळीने गाठी बसतात, ते सांभाळायचं.

बांधायला आमच्याकडे सुती नाडी. हो, परकराची, पण काळी. तिचं एक टोक केबलच्या एका कनेक्टरजवळ कायमचं बांधून ठेवायचं म्हणजे हरवत नाही, आणि वेढा झाला की साधा सुरगाठीचा फास. दौऱ्यात वेल्क्रोमध्ये धुरळा, केस, सतरंजीचा काथ्या सगळं अडकतं आणि मग तो चिकटत नाही. केबलचंच शेपूट केबलभोवती गुंडाळून गाठ मारणारे पण भेटतात, त्यांना हात जोडून नमस्कार.

काळी इन्सुलेशन टेप मात्र लावू नका बांधायला. मे महिन्यात गाडीत तापली की चिकटा बाहेर येतो, मग ती केबल स्टेजवरची सगळी घाण गोळा करत फिरते. पोरं पायाने ओढतात म्हणालात तर बेंचखाली केसिंग पट्टी मारा आणि मशीनपाशी हातभर ढील ठेवा, ओढलं तर ढील जाईल, सॉकेट नाही उपटणार.

एक्स्टेंशनचा ड्रम वापरत असाल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या ड्रमवर मोठा लोड टाकला की आतल्या वेढ्यांची उष्णता निघायला जागाच नसते, कव्हर वितळून एकजीव झालेले ड्रम पाहिलेत. बऱ्याच ड्रमवर लिहिलेलं पण असतं, गुंडाळलेला असताना एवढे वॅट आणि उलगडल्यावर एवढे, वाचतो कोण.

एमडीएफ_काका
नमस्कार. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. आमच्या वेळी टाय नव्हते म्हटलं तरी चालेल, मेण लावलेला दोरा होता. क्रॉसबारच्या (जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या) फ्रेमवर शेकडो तारांचे गठ्ठे त्या दोऱ्याने शिवलेले असायचे. दोरा गठ्ठ्याभोवती दोनदा फिरवून स्वतःखालून काढायचा आणि वर दोन साध्या गाठी, एक उजवीवरून एक डावीवरून, बस. मेणामुळे सरकत नाही, आणि दोरा चपटा बसतो म्हणून तारेला धार लागत नाही. विमानात आणि अंतराळयानांत अजूनही वायरींचे हार्नेस अशाच दोऱ्याने किंवा चपट्या फितीने बांधतात.

गंमत म्हणजे केबल टाय आला तोच मुळी विमानासाठी. १९५८ मध्ये अमेरिकेत थॉमस अँड बेट्स या कंपनीत मॉरस लोगन यांनी तो काढला, कारण विमान कारखान्यात हे दोरे बांधून बांधून कामगारांची बोटं सोलवटत होती. आमचीही सोलवटायची, पण आमच्यासाठी कोणी काही शोधलं नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही दोरा वगैरेच्या फंदात पडू नका, वेल्क्रोच बरा. फक्त एक लक्षात घ्या, गठ्ठ्याचं वजन बांधणीवर टाकायचं नसतं. वजन ट्रेने, पट्टीने, खिळ्याने पेलायचं, बांधणीने नुसतं एकत्र ठेवायचं. लोक ट्रे वाचवतात आणि मग गठ्ठा लोंबू नये म्हणून टाय आवळतात. तुमच्याकडे भिंतीवर आधार कुठे कुठे आहेत?

कृष्णाकाठ
सगळ्यांना धन्यवाद, रविवारी बसून सगळं उघडलं.

काका, तुम्ही म्हणता तेच निघालं. भिंतीवर आधार दोनच, मधला सगळा गठ्ठा टायच्या जिवावर हवेत. खरवडून बघितलं, तार तांब्याचीच आहे, तेवढं नशीब. टेस्टरवर दोन केबलींचे ७-८ चे दिवे लागत नव्हते, आयओ उघडला तर तारा खाचेत नुसत्या टेकवलेल्या, पंच झालेल्याच नव्हत्या. परत पंच केल्या, दोन्ही १००० वर आल्या. तिसरी मात्र दाराच्या चौकटीवरून काटकोनात मुडपलेली आणि बरोबर त्या मुडपीवर टाय. टाय कापला, केबल सरळ केली, तरी चौथ्या तारेचा दिवा लागत नाही. म्हणजे ती बदलणार.

मधले टाय सगळे काढले. दर दोन-अडीच फुटांवर पट्टीचा आधार देऊन वेल्क्रो लावतोय. आता शंका अशी, कॅमेऱ्यांच्या केबली याच गठ्ठ्यात असू द्यायच्या का? आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याला पांढरे टायच आहेत, ते हात लावला की कडाकडा तुटतायत, जेमतेम एक उन्हाळा झाला असेल.

रॅकमधला_उंदीर
चौकटीवरच्या वळणाला केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या हवी. कॅट ६ साधारण ६ मिमी धर, म्हणजे इंचभर त्रिज्या, दोन इंची पाइपाभोवती वळेल एवढं मोकळं. नवीन केबल टाकशील तेव्हा कोपऱ्यावर टाय नको, वळणाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक बांध.

कॅमेऱ्याच्या केबली त्याच गठ्ठ्यात चालतील. पीओईमध्ये गठ्ठा मोठा झाला की आतल्या केबली तापतात म्हणून २४ च्या वर एकत्र नको म्हणतात, पण तुझे कॅमेरे साधे असतील तर स्विचकडून पोर्टला १५.४ वॅटच्या आतच काम आहे. जिथे ९० वॅटवाली उपकरणं आहेत तिथे हा विचार जास्त करावा लागतो. त्यापेक्षा हे बघ की २३० व्होल्टची वायर त्याच पट्टीत घुसवलीय का. ती वेगळ्या पट्टीत, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

फेज_न्यूट्रल
गच्चीचं मी सांगतो, हे आमचं रोजचं काम. पांढरा टाय उन्हात टिकत नाही, ऊन लागून नायलॉन कडक होतो आणि तुटतो. काळा घ्या, पण नुसता रंगाने काळा नाही, पाकिटावर यूव्ही लिहिलेला बघून घ्या, त्यात कार्बन ब्लॅक असतं ते ऊन अडवतं. खांबावर बांधायचं असेल तर स्टीलचे टाय येतात, त्यांची धार केबलला लागते म्हणून खाली जुन्या बागेच्या पाइपाचा तुकडा चिरून घालायचा आणि मग आवळायचं. तिथे पकड वापरली तरी चालते, ती खांबावर वापरायची, केबलवर नाही, हे रॅकवाल्यांचं मान्य.

आणि केबल पण बघा गच्चीवर कुठली टाकलीय. आतली राखाडी पीव्हीसीवाली असेल तर टाय बदलून काही उपयोग नाही, कव्हरच तडकणार. बाहेरची काळी पीईच्या (पॉलिथिलीनच्या) कव्हरची येते ती टाका. वीजवाहकाची पट्टी गच्चीवरून खाली उतरते ना, तिला काही बांधू नका, आयता आधार दिसतो म्हणून पुष्कळ जण बांधतात.

विंगेतला
अजून एक राहिलं, कोणाला गणपतीत उपयोगी पडेल. पीव्हीसीची वायर थर्माकोलला चिकटवून महिनोन्‌महिने ठेवली की पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोलमध्ये उतरतं, वायर कडक होऊन तडकते आणि थर्माकोलला खाच पडते. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण स्टुडिओच्या भिंतींत आणि पत्र्याच्या शेडमध्ये गरमी अडवायला तो असतोच. तिथे वायर पाइपातून न्यायची.

कृष्णाकाठ
गच्चीवर राखाडीच निघाली. काळी पीईची इथे बाजारात सुटी मीटरवर मिळेल का, की ३०५ मीटरचा पूर्ण बॉक्सच घ्यावा लागतो?

फेज_न्यूट्रल
सीसीटीव्हीच्या दुकानात सुटी कापून देतात. घ्यायच्या आधी ब्लेड मारून बघा.