लोहाच्या लाल गोळ्या चालू आहेत तरी एचबी (हिमोग्लोबिन) ९.४ वरच, नक्की कुठे अडतंय?

आशाताई_बीड
पहिलटकरीण, वय २१, २४वा आठवडा. १६व्या आठवड्यात एचबी ९.६ होतं, आता ९.४. रोज २ लाल गोळ्या आणि कॅल्शियम सुरू आहे, रिकामी पाकिटं दाखवते. आठ आठवड्यांत वजन जेमतेम १ किलोने वाढलंय. सासूबाई प्रेमळ आहेत, रक्त वाढावं म्हणून बीट, डाळिंब, खजूर आणून देतात. पण भाकरी मोजून वाढतात, कारण "बाळ मोठं झालं की अडतं आणि सिझर होतं". गोळीने शौच काळी होते म्हणून बाळही काळं होईल, ही धास्ती वेगळीच. अंडं, तीळ, पपई "उष्ण" म्हणून बंद. पोरगी गप्प गप्प असते, विचारलं की "काही नाही ताई". दसऱ्यानंतर घरचे ऊसतोडीला जाणार आणि तिलाही नेणार आहेत. आधी काय धरू?

ताटवाटी
आधी गोळी कशाबरोबर घेते ते विचारा. "घेते का?" असं विचारलं की उत्तर "हो"च येतं. सकाळचा चहा, कॅल्शियम आणि लाल गोळी एकाच घोटात, हे घरोघरी चालतं. चहातल्या टॅनिनने लोहाचं शोषण निम्म्याने, कधी त्याहूनही जास्त घटतं. कॅल्शियमही लोहाला अडवतं. वेळा अशा बसवा:

सकाळी न्याहारीनंतर ८ ला कॅल्शियम, ११ ला लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर, दुपारी जेवणानंतर १॥ ला दुसरं कॅल्शियम, रात्री जेवणानंतर दीड-दोन तासांनी दुसरी लाल गोळी. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान २ तास जाऊ द्या. चहा-दूध लोहाच्या आधी-नंतर तासभर नको. मळमळत असेल तर रात्रीची गोळी अगदी झोपताना द्या, पण बंद करू नका. काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, त्याचा बाळाच्या रंगाशी काडीचा संबंध नाही. बद्धकोष्ठ झाला तर पाणी, पालेभाजी, पेरू वाढवा.

बीट-डाळिंबाची ख्याती त्यांच्या लाल रंगामुळे आहे. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमच्या आतबाहेर, डाळिंबात त्याहूनही कमी. तेवढ्याच बाजरीत ६ च्या आसपास, हुलग्यात ८ च्या पुढे. डाळिंबाच्या पैशात अंडी येतील. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं किंवा मटकीची मोड आलेली उसळ आणि वर लिंबू पिळलेलं, हे तुमच्याकडच्या घरात आधीच असतं. मोड आणल्याने लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र सगळं पाण्यात.

आता भाकरीचं. गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे सुमारे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी आणि ३० ग्रॅम शेंगदाणे, एवढंच. प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम जास्त आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त. भाकरी-शेंगदाण्यांतून १२ येतात, उसळीची वाटी आणि कपभर दूध वाढवलं की शेवटच्या तिमाहीचाही हिशेब बसतो. "दोघांचं खा" असं सांगू नका, सासूबाई तेवढ्यानेच बिचकतात. "एक भाकरी आणि मूठभर शेंगा" म्हणा.

आणि हे सगळं सांगायचं ते वाढणाऱ्या हातांना. सून शेवटी जेवते, तोवर उसळ संपलेली असते. तिची वाटी आधीच काढून ठेवायला सांगितलं तर निम्मं काम तिथेच होतं.

सिस्टर_उपकेंद्र
वरच्यात एक भर. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं म्हणून एचबी थोडं खाली दिसतं हे खरं. पण २ गोळ्यांवर महिन्याभरात १ ग्रॅमनेही वाढलं नाही, तर घरी बसून वाट पाहायची नाही, ग्रामीण रुग्णालयात पाठवा. तिथे सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), सिकलसेल-थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार), गरज पडली तर बी-१२ आणि शिरेतून लोह यांचा निर्णय होतो. बी-१२ विसरू नका, आपल्याकडे दूध-अंडं न खाणाऱ्यांत कमतरता खूप दिसते आणि नुसत्या लोहाने ती भरत नाही. जंताची गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ, दुसऱ्या तिमाहीत एकदाच) झाली का? ९ तारखेला पीएमएसएमएच्या (गरोदर मातांसाठीच्या सरकारी मोहिमेच्या) तपासणीत डॉक्टरांना दाखवा.

समजुतींच्या सगळ्या लढाया लढू नका. पिकलेल्या पपईने काही होत नाही, धोका कच्च्या पपईच्या चिकाचा. पण त्यावर वाद कशाला, पेरू द्या आणि सोडून द्या. केशर-दूध निरुपद्रवी आहे, गोरेपणाचा संबंध नाही. ग्रहणात घरात बसायचं असेल तर बसू दे, पण पाणी-जेवण तोडायचं नाही. हरतालिकेचा निर्जळी उपासही नको. अडून बसायचं ते तीनच ठिकाणी: कमी खाणं, नवव्या महिन्यात कळा याव्यात म्हणून पाजलेलं एरंडेल, आणि मिश्री.

मिश्रीचं आवर्जून विचारा, तेही ती एकटी असताना. तंबाखूच ती, बाळाचं वजन घटवते. दात घासते तेव्हा "दिवसातून किती वेळा?" असं विचारा, "लावते का?" असं नको. माती, खडू, कच्चे तांदूळ खाते का तेही बघा. डोहाळे म्हणून हसण्यावारी जातं, पण ते बहुतेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं.

सासूबाईंना एवढंच सांगा: अडणं हे कटीची हाडं आणि बाळाची ठेवण यांवर असतं. आई उपाशी राहिली तर बाळ सव्वादोन किलोचं होतं आणि काचेच्या पेटीत जातं. फार मोठं बाळ होण्यामागे बऱ्याचदा साखर असते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात, दोन तासांनी १४० किंवा वर आली तर मधुमेह धरतात. तिची आताच करून घ्या.

गप्पाघर (समुपदेशन)
गप्प असण्याचं मला जास्त वाटतंय. रक्तक्षयानेही माणूस गळून जातं, थायरॉईडनेही, म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघाच. पण तेवढ्यावर थांबू नका. सासूबाई नसताना दोन प्रश्न विचारा: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का? आधी आवडायचं त्यातली गोडी गेली का? एकाचंही उत्तर हो आलं तर पुढे विचारायचं: झोप, भूक, मारहाण होते का, मुलगाच हवा असा दबाव आहे का. "जगावंसं वाटत नाही" असं येतं का, हेही सरळ विचारावं, विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, फोन तुमच्यासमोर लावून द्या.

"रडलीस तर बाळ रडकं होईल" हे घरात कोणी म्हणत असेल तर थांबवा. दुःखाच्या वर अपराधीपणा चढतो आणि पोरगी बोलणंच बंद करते.

आशाताई_बीड
गोळी चहाबरोबरच घेत होती. मिश्री दिवसातून चार वेळा. दोन्ही प्रश्नांना हो म्हणाली, जगावंसं न वाटण्याचं नाही म्हणाली, मारहाण नाही. "तिथे माझं कोण आहे" म्हणत होती. तोडणीला जाऊ द्यायचं का?

सिस्टर_उपकेंद्र
दोन्हींना हो आहे, तेव्हा मनाचं डॉक्टरांसमोर मांडा, रुग्णालयाच्या त्याच फेरीत. या एचबीवर मोळ्या उचलणं नको, हे घरच्यांना तुम्ही न सांगता डॉक्टरांनी सांगितलेलं चालतं, कागदावर लिहून घ्या. माहेरी राहता येतं का पाहा, एकटेपणाचंही तिथेच निभावेल. गेलीच तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि दोन महिन्यांच्या गोळ्या तिच्या स्वतःच्या पिशवीत द्या, कारखान्याजवळच्या आशा कार्यकर्तीचा नंबर मिळवून तिच्यासमोर फोन लावा. २८ आठवड्यांनंतर बाळाची हालचाल मोजायला शिकवा: डाव्या कुशीवर झोपून दोन तासांत १० हालचाली. कमी भरल्या, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोंडावर सूज आली, तर मुकादमाची परवानगी न मागता १०८.