सुलोचनाला म्हणे बोलताच येईना!

तिरफळ: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय की मूकपटातली सुलोचना म्हणजे नुसता गोरा चेहरा, बोलपट आला, हिंदुस्थानी जमेना, खेळ खल्लास. चहा कडू झाला वाचून. अहो, ही सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली (१९०७), सिनेमात यायच्या आधी टेलिफोन ऑपरेटर, म्हणजे बोलून पोट भरणारी बाई! पहिला बोलपट 'आलम आरा' झुबेदाला मिळाला, कबूल. पण ही वर्षभर बसून भाषा शिकली आणि आपलेच मूकपट परत बोलते केले. 'माधुरी' १९३२, 'अनारकली' १९३५. आणि नुसता चेहरा म्हणता, तर 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त आठ सोंगं कुणी केली, त्यात एक पोलीसही होता!

खिडकीची_सीट: ते मीच लिहिलंय, 'कुणीतरी' काय. शिकली म्हणजे आधी येत नव्हती ना? झालं तर मग. १९५३च्या 'अनारकली'त ही सलीमची आई. जी भूमिका गाजवली तिचीच सासू व्हायची वेळ, याला खल्लास नाही तर काय म्हणायचं?

आबा_करवीर: दीदींवर लिहिल्याबद्दल आभार. त्यांच्यासारखी सोशिक आई पुन्हा होणे नाही.

तिरफळ: आबा, त्या सुलोचना लाटकर हो. हिची मूक 'अनारकली' आली १९२८ला, त्याच साली दीदींचा जन्म.

एसटीतला_पंखा: ऑपरेटर म्हणून कौतुक नका सांगू. ८१ साली वडील आजारी, मुंबईहून गावाला अर्जंट ट्रंक कॉल लावला, पाच तास खोळंबलो आणि लाइन लागली तेव्हा बाई म्हणते 'पार्टी बोलत नाही' आणि कट. पार्टी कशी बोलेल, भाऊ रडत होता तिकडे. आजही ऑपरेटर म्हटलं की डोकं फिरतं.

गवतीचहा: माझी मावशी बत्तीस वर्षं बोर्डावर होती. हेडफोनच्या पट्टीने डोक्यावर केस विरळ झालेले, घरात भाजी वाढतानासुद्धा 'तीन मिनिटं झाली' म्हणायची, आम्ही हसायचो. तुमच्यासारख्यांच्या शिव्या खाऊनही आवाज चढवायची सोय नव्हती तिला. लाइन खराब तर बाईचा काय दोष?

एसटीतला_पंखा: कट कुणी केला मग, खांबाने?

गवतीचहा: बोर्डावर एक दिवस बसून दाखवा, मग बोला!!

खिडकीची_सीट: धागा कशावर आहे?

तिरफळ: तुमच्या चुकीवर. त्या काळी सुलोचना महिना पाच हजार पगार घ्यायची, गव्हर्नरपेक्षा जास्त.

खिडकीची_सीट: ही लोणकढी थाप सगळीकडे फिरते. १९३५च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरला वर्षाला १,२०,००० होते. महिन्याचे करा.

तिरफळ: ...बरं, दहा हजार. गव्हर्नर काढला. पण बाकीचं तसंच.

खिडकीची_सीट: बाकीचं घ्या तुम्हाला. बोलता येत होतं, छान बोलायची, फाळके पुरस्कारही मिळाला १९७३चा. तरी पडत्या काळात कुणी नीट काम दिलं नाही, हे मी मागे घेणार नाही.

गवतीचहा: हे आधी लिहिलं असतंत तर मावशीला मधे ओढावं लागलं नसतं.

आबा_करवीर: म्हणजे लावणीवाल्या सुलोचनाबाई तिसऱ्या का?