‘दमनविरोधी’ समुपदेशन? दुसरा शब्द सुचवा

गोदाकाठ: कॅनडातल्या समुपदेशकांचं एक टिपण नाशिकच्या पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत काम करणाऱ्यांसाठी मराठीत आणायचंय. ‘अँटी-ऑप्रेसिव्ह’ला, म्हणजे पेशंटवर समाजात होणाऱ्या अन्यायाचं भान ठेवणाऱ्या समुपदेशनाला, ‘दमनविरोधी’ लिहिलं, तर तपासणाऱ्या मॅडमनी लाल रेघ मारली.

शब्दवेडा: बरोबरच मारली. मानसशास्त्रात दमन म्हणजे नकोशी आठवण अबोध मनात लोटणं. वाचणाऱ्याला थेट फ्रॉइड आठवेल. शिवाय शम-दमातला दम तर सद्गुण. ‘जुलूमविरोधी’ करा.

पंचवटीकर: जुलूम अरबी. ‘उत्पीडन’ काय वाईट आहे?

शब्दवेडा: दाखलाही अरबीच, तो जातीचा चालतो ना? उत्पीडन हरसूलच्या बाजारात म्हणून बघा.

सातपूर७: ‘दडपण’वरून मात्र काही बनवू नका. ‘छातीवर दडपण येतं’ हीच तर पेशंटची तक्रार असते.

गोदाकाठ: आणि ‘अँटी-रेसिस्ट’ला वर्णद्वेषविरोधी? ‘इंडिजिनस’ला मूलनिवासी?

शब्दवेडा: वर्ण म्हटलं की इथे चातुर्वर्ण्य, आदिवासी त्या चौकटीबाहेरचे. आणि वर्ण म्हणजे रंग घेतला, तर आदिवासींना ‘तुमच्यात असंच चालतं’ म्हणून हिणवतात त्यात रंग कुठाय? वंशद्वेष त्यातल्या त्यात बरा. मूलनिवासीला इथलं वेगळंच राजकारण चिकटलंय. आदिवासीच ठेवा, कॅनडातल्यांचा उल्लेख येईल तिथे फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी ही नावं घाला.

ताई_समुपदेशक: अहो, शीर्षकापेक्षा आतली कृती नीट उतरवा. संमतीपत्र कोकणीत (गोव्याची नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची बोली) वाचून दाखवायचं, मग ‘काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे. दुभाष्या असेल तर वेळ दुप्पट धरा, पाऊण तासाचा दीड तास, आणि परतीची एसटी विचारून घ्या. आश्रमशाळेच्या पोराला अधीक्षकच दुभाष्या दिला तर वसतिगृहाबद्दल ते चकार शब्द काढणार नाही. गावच्याच आशाताईला बसवण्याआधी पेशंटला एकटं गाठून विचारा, बोलणं गावात पोचायची भीती असते. केसपेपरवर ‘अंधश्रद्धा’ लिहू नका. ‘बाहेरचं लागलंय म्हणते’ असं तिच्याच शब्दांत लिहा. भगताने काय दिलं तेही विचारा, पण नाक न मुरडता. नाहीतर गोळ्या कधी बंद केल्या तेही ती लपवते.

पंचवटीकर: ताई, दुभाष्या नव्हे, दुभाषी.

शब्दवेडा: दोन्ही रूपं जुनी आहेत.

पंचवटीकर: आशाताईला दुभाष्या म्हणणार?

सातपूर७: दुभाषीण?

पंचवटीकर: असा शब्दच नाही.

शब्दवेडा: तेली-तेलीण, माळी-माळीण. मग दुभाषीणच का अडतं?