शिक्षकाचा आशावाद की शिक्षकाची उमेद?

प्रश्न : आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेसाठी टिपण लिहितेय. शिक्षकाचा आशावाद, त्याची विचार करायची पद्धत आणि कामातली प्रेरणा असा विषय आहे. ‘आशावाद’ म्हटलं की ‘होईल सगळं छान’ असं वाचलं जातं. त्याऐवजी ‘उमेद’ चालेल का? की ‘हुरूप’?

– हुरूप नको. शाळाभेटीत साहेबांनी वर्गाचं कौतुक केलं की हुरूप चढतो, दुसऱ्या दिवशी ‘आजच्या आज ऑनलाइन माहिती भरा’ असा निरोप आला की ओसरतो. उमेद मुरलेली असते. फारसीतून आलेला शब्द, ‘उमेदवार’ त्यातलाच. त्यात इच्छा आहे आणि धमकही आहे, म्हणून प्रेरणेला तो जवळचा. पण तुमच्या विषयात विचारही आहे. तो ‘उमेद’मध्ये मावत नाही.

– सहमत. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी आशावाद मांडला तो माणूस अपयशाचं कारण कसं सांगतो यावरून. ते कारण कायमचं आणि सगळीकडे लागू मानलं की हातपाय गळतात. तेवढ्यापुरतं मानलं की करण्यासारखं काही उरतं.

तिसरीतलं मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितं. एक बाई म्हणतात, “याला गणित जमायचं नाही.” दुसऱ्या म्हणतात, “दोनातून सात जाईनात, म्हणून याने सातातून दोन काढले. दशक सुटा करायला अडलंय.” त्या काड्यांचा एक गठ्ठा सोडायला लावतात, सुट्या काड्या बारा होतात, त्यातून मूल सात बाजूला काढतं. मुलावर माया दोघींचीही असेल. आशावाद मात्र त्या दुसऱ्या वाक्यात आहे. उद्या वर्गात जाऊन काय करायचं हे त्या बाईंना ठाऊक आहे, आणि कामाची उमेद तिथून येते.

– अख्ख्या शाळेबद्दल लिहायचं तर ‘शैक्षणिक आशावाद’ म्हणा. वेन हॉय, अनिता वूलफोक हॉय आणि जॉन टार्टर या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली. आपण सगळे मिळून मुलांना शिकवू शकतो ही खात्री, मुलांवर आणि पालकांवर विश्वास, अभ्यासावर भर, या तिन्हींचा तो मेळ. घरची परिस्थिती आणि आधीचे गुण हिशेबात धरूनही मुलांच्या प्रगतीशी त्याचा संबंध त्यांना दिसला.

एक कळकळीची विनंती, ‘सकारात्मक राहा’ हे टिपणात कुठेही नको. रिक्त पदं, दोन-दोन वर्गांना एकच शिक्षक, याबद्दल तोंड उघडू नका असा शिक्षक त्याचा अर्थ काढतात. तो बरोबरच काढतात.

प्रश्नकर्ती : आभार. विचारापुरता ‘आशावाद’, कामातल्या बळाला ‘उमेद’. वाक्य असं केलंय : ‘मूल कुठे अडलं हे शोधणाऱ्या शिक्षकाची उमेद सहसा खचत नाही.’

– छान. फक्त ‘अडलं’ हाच शब्द टिपणभर ठेवा, ‘मागे पडलेली मुले’ असेल तिथे तिथे काढा.