ट्रकवाल्यांच्या कंट्री गाण्यांचा जीव स्टील गिटारमध्ये आहे, तुम्हाला काय वाटतं?

अपर्णा_टल्सा:
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. अमेरिकन कंट्री म्युझिकमधली ट्रक ड्रायव्हरांची गाणी, म्हणजे मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकातली, यांच्यावर बोलणं निघालं की गायकांची नावं येतात, डेव्ह डडली, रेड सोव्हाइन, रेड सिम्पसन, डिक कर्लेस, मर्ल हॅगार्ड. मागे स्टील गिटार कोण वाजवतंय हे कुणी विचारत नाही. आणि माझं ठाम मत आहे की या गाण्यांत काळजाला जे लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्या स्टीलवाल्याचं आहे.

ज्यांना वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेडल स्टील, म्हणजे स्टील गिटारचाच पेडलवाला प्रकार, ही पायांवर उभी केलेली, टेबलासारखी आडवी गिटार, एका पट्टीवर १० तारा, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी बार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या पायाखाली पेडल, उजव्या पायाखाली व्हॉल्यूमचं पेडल, शिवाय गुडघ्यांनी ढकलायचे लिव्हर. पेडल दाबलं की एखाददुसरी तारच चढते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. म्हणजे तीन सूर एकत्र वाजत असताना त्यातला एकच हळूच वर सरकतो. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये बड आयझॅक्सने हे केलं आणि मग सगळे स्टीलवाले आपापल्या गिटारींना पेडल लावायच्या मागे लागले.

आता ट्रकच्या गाण्यांशी याचा संबंध काय. या गाण्यांतला माणूस स्वतःबद्दल फार बोलत नाही हो. किती मैल झाले, कुठला घाट उतरलो, वजनकाटा कसा चुकवला, झोप येऊ नये म्हणून काय खाल्लं, हेच सांगत बसतो, बायको आठवते असं एका ओळीत उरकतो आणि लगेच पुन्हा गाडीवर येतो. त्या ओळीनंतरची जी दोन मात्रांची जागा असते ना, ती स्टीलवाल्याची. तिथे तो काय करतो त्यावर ठरतं की हा माणूस नुसता बढाया मारतोय की खरंच घरी जायला तरसलाय.

आणि उगम बघा. ट्रक ड्रायव्हरांवरचं पहिलं कंट्री गाणं म्हणून ज्याचं नाव घेतात ते १९३९ चं 'ट्रक ड्रायव्हर्स ब्लूज' लिहिलं टेड डॅफनने, आणि हा डॅफन मुळात टेक्सासमधला स्टील गिटारवादक! रस्त्याकडेच्या कॅफेत ट्रकवाले आत आले की आधी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतात हे त्याने पाहिलं आणि त्याला वाटलं यांच्यासाठी गाणं का नाही. क्लिफ ब्रूनरच्या बँडने ते रेकॉर्ड केलं, मून मलिकन गायला. त्या ब्रूनरकडे त्या काळात स्टीलला बॉब डन असायचा, ज्याने १९३५ मध्येच मिल्टन ब्राऊनच्या बँडबरोबर इलेक्ट्रिक स्टील रेकॉर्डवर आणली होती. म्हणजे हा प्रकार जन्मालाच स्टीलवाल्यांच्या घरात आलाय.

टेलीमास्टर:
असहमत. अपर्णाताई, लिहिलंय छान पण निष्कर्ष पटला नाही.

१९३९ चं सोडा, आज आपण ज्याला ट्रकचं गाणं म्हणतो तो साचा १९६३ मध्ये डेव्ह डडलीच्या 'सिक्स डेज ऑन द रोड'ने पाडला. रेकॉर्डिंग कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये नाही, मिनियापोलिसमध्ये. कंट्री चार्टवर दुसरा नंबर आणि पॉपमध्येही ३२ पर्यंत गेलं. त्यात सगळ्यात आधी कानावर काय आदळतं? जिमी कॉल्व्हार्डची इलेक्ट्रिक गिटार, खालच्या तारांवर, घुमणारी. ते ऐकताना इंजिन सुरू झाल्यासारखं वाटतं, शब्द येण्याआधीच आपण केबिनमध्ये बसलेलो असतो. नंतर दहा-पंधरा वर्षं ट्रकचं गाणं करायचं म्हटलं की प्रत्येकाला खालच्या तारांवरचा तसाच एक तुकडा हवा असायचा.

आणि माझा मुख्य मुद्दा. स्टील तर सगळ्याच कंट्रीत आहे. दारूच्या गाण्यात आहे, घटस्फोटाच्या गाण्यात आहे, आईच्या गाण्यात आहे. मग ते ट्रकच्या गाण्याची खूण कसं? जे सगळीकडे आहे त्याला एका प्रकाराचा जीव म्हणता येत नाही. ट्रकच्या गाण्याला वेगळं करते ती टेलिकास्टर, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डला बक ओवेन्सबरोबर डॉन रिच, हॅगार्डबरोबर रॉय निकोल्स, तिथून ती धार आली. आणि १९७७ चं जेरी रीडचं 'ईस्ट बाउंड अँड डाउन' घ्या, बँजो आणि गिटार नुसती पळतायत, स्टीलची आठवणही येत नाही.

वर्धेकर:
दोघांनाही एक विचारतो, राग मानू नका. हे गाणं ऐकणारा ड्रायव्हर वाद्यं मोजत बसत असेल का? त्याला गोष्ट हवी असायची. रेड सोव्हाइनचं 'टेडी बेअर' १९७६ मध्ये कंट्रीत पहिल्या नंबरवर गेलं, त्यात तर तो गातच नाही, बोलतो. अपंग पोरगा, वारलेला ट्रकवाला बाप, सीबी रेडिओ (ट्रकवाले एकमेकांशी बोलायला वापरायचे तो), आणि शेवटी पोराला फेरी मारून आणायला रांगेने उभे राहिलेले ट्रक. सी. डब्ल्यू. मॅकॉलचं 'कॉन्व्हॉय'ही बोललेलंच, आणि ते अमेरिकेच्या पॉप चार्टवर पहिलं आलं. मागे वाजवणाऱ्याचं काम मागे राहायचं, त्याने ते चोख केलं, पैसे घेतले, घरी गेला. उगाच त्याला मखरात कशाला बसवायचं?

अपर्णा_टल्सा:
@टेलीमास्टर, कॉल्व्हार्डबद्दल शंभर टक्के मान्य, तो तुकडा अफाट आहे. पण तुम्ही म्हणताय ती ओळख, मी म्हणतेय तो जीव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिटार सांगते की गाडी चालली आहे. आत बसलेल्या माणसाचं काय चाललंय ते ती फारसं सांगत नाही.

आणि बेकर्सफिल्डचं नाव काढलंत तर राल्फ मूनीला वगळून कसं चालेल? स्टील म्हणजे रडगाणं हा जो समज आहे तो मूनी ऐकला की गळून पडतो. वरच्या तारांवर, कडक, तुटक, पटपट, जवळजवळ टेलिकास्टरशी भांडण केल्यासारखा वाजवायचा. विन स्टुअर्ट, मग सुरुवातीचा बक ओवेन्स, मग १९६६ चा हॅगार्ड, मग १९७० पासून पुढे वीसेक वर्षं वेलन जेनिंग्स. 'क्रेझी आर्म्स' या गाण्याचा सहलेखकही तोच. तुम्ही ज्याला बेकर्सफिल्डची धार म्हणताय त्यातली निम्मी धार फेंडर स्टीलची आहे आणि ती मूनीची आहे.

त्याच्यानंतर बक ओवेन्सकडे टॉम ब्रुमली, १९६३ ते ६९. आणि हॅगार्डकडे नॉर्म हॅम्लेट, जो १९६७ ला आला तो २०१६ ला हॅगार्ड जाईपर्यंत राहिला. जवळपास ५० वर्षं एका गायकाच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेला माणूस! हॅगार्डचं 'व्हाइट लाइन फीव्हर' १९६९ चं, 'मूव्हिन ऑन' १९७५ चं, ट्रकवाल्यांवरच्या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत, पहिल्या नंबरवर गेलेलं. हॅगार्डच्या चाहत्यांपैकी किती जणांना हॅम्लेट ठाऊक आहे? मला याचं खरंच वाईट वाटतं.

@वर्धेकर दादा, मखर नको, नाव हवं. एवढंच.

जुनाबाजार:
नावाच्या मुद्द्यावर लिहितो, कारण मी या रेकॉर्ड जमवतो आणि कव्हरच्या मागची बाजू वाचायची मला सवय आहे.

१९६० च्या दशकातल्या बहुतेक कंट्री एलपींवर वादकांची नावं नसायचीच. नॅशव्हिलची पद्धत अशी की तीन तासांचं एक सेशन, त्यात तीन-चार गाणी, वादक ठरलेले, सकाळी एका गायकाबरोबर, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. नोटेशनऐवजी आकड्यांत लिहिलेले कॉर्ड, दोनदा ऐकायचं की वाजवायचं. लॉइड ग्रीन, पीट ड्रेक, वेल्डन मायरिक, बडी एमन्स, ही सगळी अशी राबलेली माणसं. बडी एमन्सने तर शॉट जॅक्सनबरोबर शो-बड कंपनी काढली, मग स्वतःची वेगळी कंपनी काढली, म्हणजे बाकीचे स्टीलवाले ज्यावर वाजवत होते ती गिटारच त्याच्या डोक्यातून निघालेली, तरी ट्रकच्या गाण्यांच्या स्वस्तातल्या कलेक्शनवर यातलं कुणाचं नाव शोधून दाखवा. स्टारडे कंपनीने अशी कलेक्शन्स भरपूर काढली, कव्हरवर मोठा चकचकीत ट्रक, मागे गाण्यांची यादी, झालं. आज जे काही कळतं ते युनियनच्या सेशन-पत्रकांमुळे, आणि जर्मनीच्या बेअर फॅमिली कंपनीसारख्यांनी ती खणून जाडजूड पुस्तिका छापल्या म्हणून.

आता गंमत बघा, नावं छापायला लागली रॉकवाली पोरं. १९७२ मध्ये कमांडर कोडीच्या बँडने ट्रकवाल्यांच्या गाण्यांचा अख्खा एलपी काढला, 'हॉट लिक्स, कोल्ड स्टील अँड ट्रकर्स फेव्हरिट्स', स्टीलवर बॉबी ब्लॅक, आणि रॉक ऐकणाऱ्या पोरांना त्याचं नाव पाठ झालं. म्हणजे ज्यांनी तो आवाज घडवला ते निनावी आणि तो आवाज प्रेमाने उचलणारे मात्र नावानिशी. बॉबी ब्लॅक मोठाच वादक, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण हिशोब बरोबर नाही. त्यामुळे वर्धेकरसाहेब, 'पैसे घेतले, घरी गेला' हे मला मान्य नाही. पैसे सेशनचे मिळाले, त्या आवाजावर कंपन्यांनी पुढे ५० वर्षं रेकॉर्ड विकल्या.

किशोर_ना:
+१ जुनाबाजार. थोडं आपल्याकडचं सांगतो, विषयाला धरूनच आहे.

स्टील गिटार मूळची हवाईची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकूने तारांवर लोखंड फिरवायला सुरुवात केली असं मानतात. तिथून ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली आणि आपल्याकडेही आली, आपण तिला अजून हवाईयन गिटारच म्हणतो. ऑर्केस्ट्रात ज्यांनी ऐकली त्यांना आठवेल. आता फरक बघा, आपल्याकडे ती गायकाची जागा घेऊन वाजली. एचएमव्हीने व्हॅन शिपलींच्या फिल्मी चालींच्या रेकॉर्ड काढल्या, गाणं तेच, शब्द नाहीत, मुखडा-अंतरा सगळं गिटारवर, आणि कव्हरवर वादकाचं नाव ठळक. हजारा सिंगांचंही तसंच. मात्र हीच मंडळी जेव्हा स्टुडिओत एखाद्या गाण्याच्या मागे वाजवायची तेव्हा नाव गायब.

म्हणजे वाद्य तेच, माणूस तोच, पण पुढे बसला तर नाव आणि मागे बसला तर नाही. नॅशव्हिलच्या स्टीलवाल्याला जवळजवळ कायम मागेच बसवलं. आणि माझ्या मते दोन ओळींच्या मधल्या जागेत वाजवणं हे अख्खी चाल वाजवण्यापेक्षा अवघड आहे. अख्ख्या चालीत चूक सावरून घेता येते, तिथे दोन मात्रा मिळतात, त्यात गायकाच्या शेवटच्या शब्दावर पाऊल न देता शिरायचं आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर पडायचं.

टेलीमास्टर:
किशोरदादा, जुनाबाजार, नावं छापली पाहिजेत यावर कोण वाद घालतंय? कॉल्व्हार्डचंही नाव कव्हरवर हवं. माझा वाद आवाजाबद्दल आहे.

ज्युनियर ब्राऊनचं उदाहरण देतो. या माणसाने १९८५ मध्ये मायकल स्टीव्हन्सकडून एक वाद्य बनवून घेतलं, वर टेलिकास्टरसारखी गिटार आणि खाली लॅप स्टील (बिनपेडलची साधी स्टील), एकाच लाकडात दोन्ही, नाव 'गिट-स्टील'. रेड सिम्पसनचं १९६६ चं 'हायवे पॅट्रोल' त्याने १९९३ मध्ये पुन्हा केलं. हे गाणं ट्रकवाल्याचं नाही, त्याला पकडणाऱ्या पोलिसाचं आहे, पण रस्ता तोच. त्याच्या हातात दोन्ही वाद्यं होती, आणि तरी त्या गाण्याला रस्त्याची चव येते ती खालच्या तारांच्या गिटारनेच. स्टील येतं ते वरून शिंपडल्यासारखं.

वर्धेकर:
हे आत्ता यूट्यूबवर लावून बघितलं. टेलीभाऊ, मला तर स्टील आल्यावरच मजा आली, खरं सांगतो. गोष्ट महत्त्वाची हे माझं म्हणणं कायम आहे, पण माणूस दोन्ही वाद्यं एकाच लाकडात जोडून घेऊन का हिंडतो याचा विचार करा ना, एकाने भागलं असतं तर कशाला केला असता एवढा खटाटोप.

अपर्णा_टल्सा:
दादा, नेमकं बोललात. आणि गोष्ट महत्त्वाची म्हणताय तर आता एकच गोष्ट दोनदा ऐका.

लिटल फीटचं 'विलिन', लोवेल जॉर्जने लिहिलेलं, ट्रकवाल्याचंच. १९७१ च्या पहिल्या एलपीवर ते आहे, लोवेलच्या हाताला इजा झाली होती म्हणून स्लाइड (बोटात नळी घालून वाजवायची गिटार) वाजवली राय कूडरने. पुढच्याच वर्षी 'सेलिन शूज'वर त्यांनी ते पुन्हा रेकॉर्ड केलं आणि या वेळी पेडल स्टीलवर स्नीकी पीट क्लाइनोला बसवलं. (हा माणूस पोटापाण्याला कार्टूनपटांतल्या बाहुल्या हलवायचं काम करायचा, 'गंबी'वर होता, हे मला फार आवडतं.) शब्द तेच, चाल तीच, गायक तोच. पहिल्या वेळी तो ड्रायव्हर रांगडा, थोडा उर्मट वाटतो, मला कोण अडवतंय बघू असा. दुसऱ्या वेळी दमलेला वाटतो, रस्ता त्याला सोडवत नाहीये आणि रस्ताही त्याला सोडत नाहीये असा. लोकांनी डोक्यावर घेतलं ते दुसरं. लोवेलचं गाणंही त्यात संथ आहे, पियानोही आहे, कबूल, सगळं श्रेय एकट्या पीटचं नाही. पण टुसॉन, टुकमकारी अशी गावांची नावं येतात त्याच्या मागे ते स्टील जे पसरतं, तेवढं काढून टाका आणि सांगा मला ते वाळवंट दिसतं का.

टेलीमास्टर:
दोन्ही लागोपाठ ऐकली, हेडफोन लावून. मला कूडरवालं जास्त आवडलं. खडबडीत आहे, डिझेलचा वास आहे त्याला, ट्रकवाला मला तसाच हवा. पीटचं सुंदर आहे यात वाद नाही, पण ते ऐकताना मी ट्रकमध्ये नसतो, लांबून टेकडीवरून ट्रक बघत असतो.

किशोर_ना:
टेलीभाऊ, पण कूडरही काचेची नळी घालून तारेवरून सूर सरकवतच होता की! फ्रेट, म्हणजे पट्टीवरचे पडदे, धरून नाही वाजवलं त्याने. दोघांपैकी कुणीही घ्या, त्या गाण्याला घसरता सूर लागलाच. आता मूनीवाला हॅगार्ड लावा, १९६६ चा, आणि मग बोलू.