कॅलरीमीटर चाचणी: एकच कॉम्प्रेसर, दोन बेंचवर ४ टक्के फरक

प्रश्न
फ्रिजचा आर-१३४ए (एक शीतक) वापरणारा कॉम्प्रेसर. चाचणीची तापमानं: इव्हॅपोरेटिंग (शीतक उकळण्याचं) −२३.३, कंडेन्सिंग (द्रव होण्याचं) ५४.४, लिक्विड आणि सक्शन (कॉम्प्रेसरकडे येणारा) गॅस ३२.२ अंश सेल्सिअस. सेकंडरी रेफ्रिजरंट कॅलरीमीटरवर (हीटरने दिलेली उष्णता मोजून थंड करण्याची क्षमता काढणारं उपकरण) एका बेंचला (चाचणी-संचाला) २०० वॅट येतात, दुसऱ्याला २०८. हीटरचे वॅटमीटर दोन्हीकडे ०.२ टक्क्याचे आहेत. सक्शनला ०–१६ बारचे गेज ट्रान्समीटर (हवेच्या दाबाच्या तुलनेत दाब मोजणारे), अचूकता फुल स्केलच्या (पूर्ण पल्ल्याच्या) ०.२५ टक्के. अहवालात अनिश्चितता ०.२ टक्के लिहिली तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही चालणार. वॅटमीटर इथे सगळ्यात कमी त्रास देतो, खरा घोळ सक्शन ट्रान्समीटरचा आहे. १६ बारचे ०.२५ टक्के म्हणजे ४ किलोपास्कल. −२३.३ ला सॅच्युरेशन दाब (ज्या दाबाला शीतक त्या तापमानावर उकळतो) साधारण ११५ किलोपास्कल (निर्वातापासून मोजलेला, अ‍ॅब्सोल्यूट), म्हणजे १ किलोपास्कल चुकला की इव्हॅपोरेटिंग ०.२ अंशाने आणि क्षमता किमान १ टक्क्याने हलते. ४ किलोपास्कलला किमान ४ टक्के. ही चुकीची कमाल मर्यादा आहे, म्हणून प्रमाणित अनिश्चिततेसाठी ३ च्या वर्गमुळाने भागा: २.३ टक्के. k=२ (सुमारे ९५ टक्के खात्रीसाठीचा गुणक) धरला की ४.६. तुमचा फरक एवढ्यातच बसतो.

०–२.५ बारचा अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर लावा, ०.१ टक्क्याचा. मात्र बेंच थांबल्यावर दाब समान होतो आणि सक्शन बाजू कित्येक बारवर जाऊ शकते. ओव्हरप्रेशर मर्यादा आधी तपासा, नाहीतर डायफ्रॅम (दाब जाणणारा पातळ पडदा) ताणला जाऊन शून्य सरकतं.

प्रतिसाद २
गेज ट्रान्समीटरमध्ये हवेचा दाब किती मिळवता? १०१.३ कायम धरला असेल आणि प्रयोगशाळा ५०० मीटर उंचीवर असेल, तर प्रत्यक्ष दाब ९५.५ च्या आसपास असतो. जवळजवळ ६ किलोपास्कलची चूक! ही अनिश्चिततेच्या बेरजेत घालायची नाही, बॅरोमीटर लावून दुरुस्त करायची.

प्रतिसाद ३
आणखी दोन गोष्टी. लिक्विडचं तापमान १ अंश चुकलं तर क्षमता ०.८ टक्के चुकते, म्हणून सेन्सर नळीवर बाहेरून न बांधता प्रवाहात बसवा. उष्णतागळती तपासताना कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त हीटर चालवा. ०.८ वॅट प्रति अंश गळती आणि खोलीशी ५ अंशांचा फरक असेल तर ४ वॅट होतात, २०० वर २ टक्के.

सीओपीसाठी (क्षमता भागिले वीज इनपुट) क्षमता आणि इनपुटची अनिश्चितता स्वतंत्र समजून वर्गांची बेरीज करू नका. सक्शन दाब चुकला की दोन्ही एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे सीओपीतली चूक क्षमतेपेक्षा कमी निघते. आणि त्याच ट्रान्समीटरवर दहा वेळा चाचणी घेऊन सरासरी काढली तरी ही चूक जात नाही.