लाखाचे बोळे

निखिल: अण्णा, काल मिरजेहून निघायच्या गडबडीत बोलणं अर्धवट राहिलं. आता ग्रुपवर सगळ्यांसमोर सांगा, काल ऐकलेल्या दोन इअरफोनांतलं चांगलं कुठलं, सेनहायझर आयई ९०० की शूर एसई ८४६?

अण्णा: नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. धातूचं चकाकणारं कुठलं?

निखिल: ते सेनहायझर, ऑफिसमधल्या मित्राचं. आतलं आरपार दिसतं ते शूर, माझं. सेकंडहँड घेतलंय.

अण्णा: मग धातूचं. तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजणारी झणझण, त्यात उलगडते. तुझ्या शूरमध्ये तंबोरा गोधडी पांघरून बसल्यासारखा वाटला. गवयाचा गळा मात्र शूरमध्ये जवळ येतो, पहिल्या रांगेत बसल्यागत.

मीनाकाकू: दीड तास हाका मारत होते, ह्यांनी ओ दिली नाही. केवढ्याचं रे हे?

निखिल: काकू, सेनहायझर २०२१ मध्ये आलं तेव्हा सुमारे १,३०० डॉलर.

मीनाकाकू: म्हणजे?

शैलाआत्या: आजच्या भावानं लाखाच्या वर गं वहिनी.

मीनाकाकू: लाखाचे बोळे!!

मुग्धा: दादा, दोन्हींचा आवाज सारखा केला होतास का? जे किंचित मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. एखाद्या डेसिबलचा फरक तर मोठा म्हणून कळतही नाही, ‘स्पष्ट’ म्हणून कळतो.

निखिल: पहिल्या फेरीत नाही केला. व्हॉल्यूम तोच ठेवला तर शूर दणदणीत वाजतं, त्याचा विजेला होणारा रोध अवघा ९ ओहम. मग १ किलोहर्ट्झचा सूर लावून मोबाइलच्या मीटरवर दोन्ही जुळवली. त्याआधी अण्णा शूरवर फिदा होते.

अण्णा: फिदा बिदा काही नाही. तबल्याचा डग्गा छान घुमतोय एवढंच म्हणालो.

निखिल: डग्ग्याचं खरंच आहे. शूरमध्ये एकेका कानाला चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर. दोन खर्जाला, एक मधल्या पट्टीला, एक वरच्या. खर्जाच्या आवाजाला स्टीलच्या दहा पातळ पत्र्यांतून वळणंवळणं घेत बाहेर यावं लागतं, त्यामुळे तो गळ्यावर चढत नाही. सेनहायझरमध्ये ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, सगळा संसार त्याच्यावर. थाप शूरमध्ये नेमकी पडते. पण मनगट दाबून घिस्सा घेतला की मागे रेंगाळणारी आस मला सेनहायझरमध्ये जास्त खरी वाटते.

मुग्धा: शूरमधले ते ड्रायव्हर बॅलन्स्ड आर्मेचर जातीचे. श्रवणयंत्रांत तेच असतात, तिकडूनच ते इअरफोनमध्ये आले. क्लिनिकमध्ये रोज हाताळते मी.

शैलाआत्या: म्हणजे आईच्या कानातलं मशीन आणि निखिलचं एकच?

मुग्धा: भाऊबंद म्हण. आजीचं बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेलं असतं.

मीनाकाकू: सासूबाईंना त्यातूनही सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

मुग्धा: 😄 अण्णा, रागावू नका हं. सत्तरीनंतर वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. सेनहायझरचं वरचं टोक चढं आहे. दिवाळीत दादाच्या मित्राकडे ऐकलं तेव्हा मला त्यात ‘स’, ‘श’ टोचले होते. तुम्हाला तेच सुखावत असणार.

अण्णा: असेल. पण जवारी मला नको शिकवू. लहानपणी सतारमेकरांच्या गल्लीत तासन्‌तास बसलोय. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकला की तंबोरा बोलायला लागतो, नाहीतर मुका. ह्याच्या शूरचा दोरा जागेवर नाही.

निखिल: अण्णा, तो दोरा सरकवता येतो! शूरच्या तोंडाशी आत बारीक नळी असते, ती बदलायची. निळी म्हणजे मधला मार्ग, काळी जरा गडद, पांढरी उजळ. काल निळी होती.

अण्णा: मग पांढरी का नाही लावलीस?

निखिल: पुण्यात राहिली. डबीत.

अण्णा: अर्ध्या सामानावर निकाल मागतोस?

मुग्धा: त्यात काल टाकलेला फोटो मोठा करून बघा. अण्णांच्या डाव्या कानातलं सेनहायझर निम्मं बाहेर आलंय. कान नीट बंद झाला नाही की खर्ज निसटतो आणि उरलेलं उगाच मोकळं, उजळ वाटतं. जवारी कदाचित त्यामुळेच उलगडली असेल.

निखिल: अरे देवा. अण्णा, कुठल्या मापाचा रबर लावला होता?

अण्णा: तू दिलास तो. डावा सैल आहे म्हणालो होतो. तू म्हणालास, होतं असं.

शैलाआत्या: पोरानं आवाज मीटर लावून मोजला आणि कान मोजलाच नाही.

निखिल: शनिवारी परत येतो. मित्राकडे आठवडा वाढवून मागतो. फोमचे मोठे टिप्स आणतो, पांढरी नळीही. ह्या वेळी कुठलं कानात आहे ते सांगणारच नाही.

अण्णा: ये. माझा तंबोरा लावून ठेवतो. आधी तो नुसत्या कानांनी ऐकू, मग तुझे बोळे.

मीनाकाकू: शनिवारी संकष्टी आहे. चंद्रोदयाआधी पान वाढणार नाही, तोवर बसा ऐकत.